फटफटीची किंमत आणि वहीतली नोंद

आमच्या लहानपणी मुंबईत मोटारसायकलीला सर्रास ‘फटफटी’ म्हणत. आता हा शब्द आपल्या म्हाताऱ्या मंडळींच्या तोंडीच उरला आहे. इस्रायलात जन्मलेल्या नातवंडांसमोर तो उच्चारला तर ती हसतात. शब्द मात्र मोठा नेमका होता. ज्याचा कान तयार त्याला नुसत्या आवाजावरून कळे की गल्लीत शिरणारी गाडी कोणत्या जातीची आहे. मद्रासची बुलेट दमदार ठोके देत येई. जावा मात्र रिकाम्या डब्यावर काठी फिरवावी तशी तडतडत येई आणि मागे निळसर धुराची शेपटी सोडून जाई. पहिली फोर-स्ट्रोक, दुसरी टू-स्ट्रोक.

आज मला लिहायचे आहे ते या दुसऱ्या जातीविषयी, आणि तिच्यातही केवळ शर्यतीसाठी बनविलेल्या गाड्यांविषयी. मासिकातून सणावारांवर, कोकणातल्या मूळ गावांवर, जुन्या शाळांवर पुष्कळ लिहिले जाते. मोटारसायकलीवर कोणी लिहिल्याचे माझ्या पाहण्यात नाही. परंतु आपल्या समाजातले कितीतरी लोक रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये, गिरण्यांत, गॅरेजमध्ये हात काळे करूनच वर आले, तेव्हा हा विषय अगदीच परका वाटू नये. शिवाय गोष्ट केवळ यंत्राची नाही. जिला एके काळी कोणी भंगारातही धड भाव देत नव्हते, ती वस्तू काही वर्षांनी हौशी लोक नव्या मोटारीच्या किमतीला घेतात. ही किंमत कोण ठरवितो, कशावरून ठरवितो, आणि ती ठरविण्याच्या कामी माझ्यासारख्या निवृत्त मिस्त्रीची साक्ष कशी लागली, ते सांगावयाचे आहे.

आधी थोडे यंत्राविषयी. फोर-स्ट्रोक इंजिनात पिस्टन दोनदा वर आणि दोनदा खाली जातो तेव्हा एकदा स्फोट होतो. टू-स्ट्रोकमध्ये क्रँकच्या प्रत्येक फेरीला स्फोट होतो. त्यात व्हॉल्व्ह नाहीत, कॅमशाफ्ट नाही. सिलिंडरच्या भिंतीलाच खिडक्या पाडलेल्या असतात आणि पिस्टनच त्या उघडतो व झाकतो. वंगणासाठी तेल पेट्रोलमध्येच मिसळावे लागते. शर्यतीत त्या काळी हे तेल बहुधा एरंडेलाचे असे. आपल्यापैकी ज्यांना लहानपणी रविवारी सकाळी नाक दाबून एरंडेल पाजले गेले, त्यांना शर्यतीच्या मैदानावरचा तो वास पहिल्याच श्वासात ओळखता आला असता. मला आला, आणि पोटात थोडे ढवळलेही.

या साध्या इंजिनात एक मोठा दोष होता. धूर बाहेर जाण्याची खिडकी उघडी असताना पेट्रोल व हवेचे ताजे मिश्रणही तिच्यातून निसटून जाई. त्यावर उपाय शोधणाऱ्यांत सर्वांत मोठे नाव वाल्टर काडेन या जर्मन इंजिनियरचे. पूर्व जर्मनीतील त्शोपाऊ गावच्या एम्.झेड. कारखान्यात त्याने धुराच्या नळ्याचा आकार बदलून बदलून पाहिला. मध्ये फुगीर आणि शेवटी निमुळता असा नळा केला, तर धुराच्या दाबाची लाट पुढे जाऊन निमुळत्या भागावर आपटते, माघारी फिरते आणि निसटू पाहणारे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये लोटते. खिडकी झाकली जाण्याच्या ऐन क्षणी ही लाट परत आली पाहिजे. हे गणित साधले आणि १९६१ पर्यंत १२५ सी.सी.च्या इंजिनातून काडेनने सुमारे २५ अश्वशक्ती काढली. म्हणजे एका लिटरला २०० अश्वशक्ती. तोपर्यंत हे कोणाला जमले नव्हते, आणि काडेनच्या हाताशी पैसा नव्हता, चांगली धातूही मिळत नव्हती.

त्याच वर्षी सप्टेंबरात एम्.झेड.चा स्वार एर्न्स्ट देग्नर जगज्जेतेपदाच्या उंबरठ्यावर होता. स्वीडनमधील क्रिस्तियानस्टाडच्या शर्यतीच्या सुमारास तो पश्चिमेकडे निसटला. बायकामुलांना मोटारीच्या डिकीत लपवून पूर्व जर्मनीतून बाहेर काढण्यात आले होते. देग्नर जपानच्या सुझुकीकडे गेला, आणि १९६२ साली सुझुकीच्या ५० सी.सी. गाडीवर जगज्जेता झाला. गाडी त्शोपाऊलाच राहिली. सीमा ओलांडून गेली ती विद्या. जपानातील सुझुका मैदानाच्या एका वळणाला आजही देग्नरचे नाव आहे.

पुढची वीस-पंचवीस वर्षे टू-स्ट्रोकची होती. १९६४ साली फिल रीडने २५० सी.सी. वर्गात यामाहाला पहिले जगज्जेतेपद मिळवून दिले. सुझुकीने १९६७ साली ५० सी.सी.ची अशी गाडी उभी केली की तिला सिलिंडर दोन आणि गिअर चौदा! आपल्या घरच्या पाणी पिण्याच्या पेल्यात मावेल एवढ्या जागेत दोन पिस्टन, आणि मिनिटाला सतरा हजारांहून अधिक फेरे. पुढे नियम बदलले. सिलिंडर व गिअर किती असावेत यावर बंधने आली, आणि असली अद्‌भुत यंत्रे एका रात्रीत निरुपयोगी झाली. १९७५ साली जाकोमो आगोस्तिनीने यामाहावर ५०० सी.सी.चे जगज्जेतेपद मिळविले. त्या वर्गात टू-स्ट्रोकचे ते पहिलेच. १९७६ व १९७७ साली बॅरी शीन सुझुकीवर जिंकला. अमेरिकेतील डेटोनाची २०० मैलांची शर्यत १९७२ पासून १९८४ पर्यंत सलग तेरा वर्षे यामाहाच्या टू-स्ट्रोकने जिंकली.

परंतु संग्राहकांच्या दृष्टीने खरी क्रांती निराळीच होती. यामाहाने शर्यतीच्या गाड्या कोणाही गिऱ्हाइकाला दुकानातून विकायला सुरुवात केली. १९७३ पासून टी.झेड. २५० आणि टी.झेड. ३५० या पाण्याने थंड होणाऱ्या दोन सिलिंडरच्या गाड्या मिळू लागल्या, आणि १९७४ साली चार सिलिंडरची थोरली टी.झेड. आली. पैसे भरा, खोक्यातून गाडी काढा आणि रविवारी शर्यतीत उतरा. प्लंबर, सुतार, खाटीक, शाळामास्तर असे साधे लोक जगज्जेत्यांच्या शेजारी उभे राहू लागले. यॉन एकेरोल्डसारख्या स्वाराने तर कारखान्याचे पाठबळ नसताना, टी.झेड.च्या इंजिनावर, १९८० साली ३५० सी.सी.चे जगज्जेतेपदच मिळविले.

आता कोणी विचारील की एवढ्या गाड्या विकल्या गेल्या तर त्या दुर्मिळ का झाल्या? याचे उत्तर मिस्त्रीच देऊ शकतो. शर्यतीची गाडी ही मेणबत्तीसारखी असते; जळण्यासाठीच तिचा जन्म. पिस्टन आणि रिंगा काही शर्यतींनंतर फेकून द्यावयाच्या, क्रँक ठरावीक मैलांनंतर उघडून नवी बांधून घ्यावयाची. गाडी पडली की टाकी, फेअरिंग, हँडल गेले. बरे इंजिन एखाद्या कसबी कारागिराने केलेल्या अधिक चांगल्या चासीत बसविले जाई, आणि मूळ चासी पावसात गंजत पडे. कित्येक इंजिने साइडकारला गेली, कित्येक गो-कार्टला. दर वर्षी नवे मॉडेल निघे, आणि गेल्या वर्षीची गाडी म्हणजे शिळी भाकरी. खुद्द कारखान्यांच्या खास गाड्यांची तऱ्हा याहून वाईट. आपले कसब दुसऱ्याच्या हाती पडू नये म्हणून हंगाम संपला की त्यांतल्या अनेक मोडीत काढण्यात आल्या.

शेवटी हा सारा प्रकारच संपला. २००२ साली सर्वांत वरच्या वर्गात मोठी फोर-स्ट्रोक इंजिने आली. २५० सी.सी.चा वर्ग २००९ नंतर बंद झाला आणि १२५ सी.सी.चा २०११ नंतर. जागतिक अजिंक्यपदाच्या मैदानावरचा एरंडेलाचा आणि जळक्या तेलाचा वास गेला. वस्तू पुन्हा होणार नाही हे निश्चित झाले की तिची किंमत चढू लागते. ज्यांनी तरुणपणी कुंपणाबाहेर उभे राहून या गाड्या पाहिल्या, त्यांच्या हाती उतारवयात पैसा आला. त्यांनी त्या शोधून शोधून विकत घेतल्या.

हिंदुस्थानातही हाच अनुभव आहे. १९८३ पासून काही वर्षे राजदूत ३५० ही यामाहाच्या आर.डी. ३५०ची भावंड तिकडे तयार होत होती. ती शर्यतीची गाडी नव्हे, रस्त्यावरची, पण टी.झेड.शी तिचे दूरचे नाते आहे. पेट्रोल फार पिते म्हणून लोकांनी ती नाके मुरडून विकली. आज ठाण्याचा माझा भाचा सांगतो की धड कागदपत्रे असलेली गाडी कोणी विकायला काढली तर दारात रांग लागते.

असो. आता किमतीकडे वळू. संग्राहक गाडीत तीन गोष्टी पाहतो. पहिली, किती बनल्या आणि किती उरल्या. दुसरी, ती किती अस्सल आहे. तिसरी, तिच्यावर कोण बसला होता.

तिसऱ्या गोष्टीचे वजन किती असते याची दोन उदाहरणे देतो. स्टीव्ह मॅक्वीन या सिनेनटाजवळ हुस्क्वार्ना कंपनीची मातीत पळविण्याची टू-स्ट्रोक गाडी होती. अशा गाड्या कंपनीने पुष्कळ विकल्या होत्या. पण २०११ साली कॅलिफोर्नियातील लिलावात तिला एक लाख डॉलरांच्या वर किंमत आली. दुसरे उदाहरण फोर-स्ट्रोकचे आहे. १९५१ सालची एक व्हिन्सेंट ब्लॅक लाइटनिंग जानेवारी २०१८ मध्ये लास व्हेगासला ९,२९,००० डॉलरना गेली. त्या मुळात तीसच्या आसपासच बनल्या होत्या, आणि या विशिष्ट गाडीने ऑस्ट्रेलियात वेगाचा विक्रम केल्याची नोंद होती. ‘नोंद होती’ हे शब्द महत्त्वाचे आहेत.

दुसरी गोष्ट, अस्सलपणाची, ही टू-स्ट्रोकच्या बाबतीत फारच अवघड. कारखान्यातून निघताना चासीवर आणि क्रँककेसवर एकच क्रमांक ठोकलेला असतो. चार-पाच हंगाम पळालेल्या गाडीवर हे दोन क्रमांक अजून जुळत असतील तर संग्राहक हरखून जातो. आणि आज तर छोट्या छोट्या वर्कशॉपमधून टी.झेड.चे जवळजवळ सगळे सुटे भाग नवे करून मिळतात. १९७४ सालचा एक स्क्रूसुद्धा नसलेली ‘१९७४ची टी.झेड.’ उभी करणे अशक्य नाही. म्हणून धातूपेक्षा कागदाला मोल आले आहे. जुनी पावती, शर्यतीची छापील पत्रिका, छायाचित्र, आणि त्या काळी गाडीला हात लावलेल्या माणसाचे सहीचे पत्र.

इथे माझा संबंध येतो.

मी १९६७ साली मुंबईहून इंग्लंडला गेलो. मध्य इंग्लंडात एका मोटारसायकलीच्या दुकानात मला मिस्त्री म्हणून काम मिळाले. तिथे एक गोरा प्लंबर नेहमी येई. तो माझ्याच वयाचा, अबोल आणि शर्यतीच्या वेडाने झपाटलेला. १९७४ साली त्याने साठविलेले सगळे पैसे घालून टी.झेड. ३५० घेतली आणि मला म्हणाला, “तू इंजिन सांभाळ, मी चालवितो.” तेव्हापासून १९७८ पर्यंत आमचा शनिवार घरचा आणि रविवार शर्यतीचा असा शिरस्ता पडला. मॅलरी पार्क, कॅडवेल पार्क, स्नेटरटन अशा मैदानांवर एका जुनाट व्हॅनमधून आम्ही जात असू. माझी बायको डब्यात चपात्या व बटाट्याची भाजी देई. त्याला त्या इतक्या आवडत की शर्यतीत कितवा आलो यापेक्षा डबा कधी उघडतोस याचीच त्याला चिंता.

टू-स्ट्रोकचे कार्ब्युरेटर हवामानाप्रमाणे जुळवावे लागतात. हवा थंड व कोरडी असेल तर मोठा जेट, दमट व उकाड्याची असेल तर लहान. जेट लहान पडला तर पिस्टन वितळून सिलिंडरला चिकटतो आणि स्वार तोंडावर आपटतो. म्हणून मी एका वहीत प्रत्येक रविवारची नोंद ठेवीत असे. ती वही मी मराठीत लिहिली. कारण सांगतो. शेजारच्या तंबूतले मिस्त्री हळूच येऊन दुसऱ्याच्या वहीत डोकावत आणि जेटचे आकडे पाहून जात. माझ्या वहीत ते कितीही डोकावले तरी त्यांना आकडासुद्धा कळत नसे, कारण आकडेही मी देवनागरीत लिही. “आकाश ढगाळ. जेट एक नंबर वाढविला. डावा प्लग काळा, उजवा बदामी. डावी रिंग बदलली. अकरावा आला.” अशा त्या नोंदी.

१९७९ साली आम्ही इस्रायलला येऊन स्थायिक झालो. पत्रव्यवहार नववर्षाच्या कार्डापुरता उरला. काही वर्षांपूर्वी तो वारल्याचे त्याच्या पत्नीने कळविले. त्यानंतर काही महिन्यांनी इंग्लंडहून एका दलालाचा फोन आला. प्लंबरच्या घरामागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली टी.झेड. सापडली होती. बाईंना ती विकायची होती. घराच्या छपराचे काम निघाले होते आणि पैशांची गरज होती. दलालाला माझे सहीचे पत्र हवे होते. मजकूर त्याने तयारच ठेवला होता. मी फक्त सही करावयाची.

नातवाने तो मजकूर मला मोठ्या अक्षरांत काढून दिला. बहुतेक वाक्ये खरी होती. दोन नव्हती. एक वाक्य असे की गाडीचे इंजिन १९७४ साली कारखान्यातून आले तेच आहे. दुसरे असे की १९७५ सालच्या एका रविवारी मॅलरी पार्कवर त्या काळच्या एका जगज्जेत्याने ही गाडी चालविली होती. दलाल फोनवर म्हणाला, “तुम्हाला नक्की आठवत नसेल, पण तसे झाले नाही असेही तुम्ही सांगू शकणार नाही. पन्नास वर्षे होत आली.” सही झाली तर गाडीची किंमत जवळजवळ दीडपट होईल, हेही त्याने सांगितले.

मी ट्रंकेतून वही काढली. १९७६ च्या उन्हाळ्यातील कॅडवेल पार्कची नोंद सापडली: “तिसऱ्या फेरीत कनेक्टिंग रॉड तुटला. क्रँककेस फोडून बाहेर आला. केस गेली.” दोन आठवड्यांनी दुसऱ्या एका स्वाराकडून विकत घेतलेल्या जुन्या क्रँककेसची नोंद, तिच्या क्रमांकासह. आणि १९७५ च्या त्या रविवारची नोंद एका ओळीची: “गाडी नेली नाही. क्रँक बांधायला दिली आहे.” ज्या दिवशी जगज्जेता तिच्यावर बसला असे म्हणतात, त्या दिवशी गाडीच्या पोटात क्रँकच नव्हती.

रात्री बायकोला सांगितले. ती म्हणाली, “अहो, सही केलीत तर तुमच्या जिवाला चैन पडायची नाही, आणि नाही केलीत तर त्या बिचारीचं छप्पर गळायचं. तिलाच विचारा की.” बायकोचे म्हणणे नेहमीप्रमाणे व्यवहाराचे होते.

दुसऱ्या दिवशी मी बाईंना फोन केला आणि वहीतल्या दोन्ही नोंदी वाचून दाखविल्या. जगज्जेत्याची गोष्ट तिला दलालाकडूनच कळली होती. नवऱ्याच्या तोंडून तिने ती कधीच ऐकली नव्हती. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग तिने विचारले, “खरं लिहिलं तर किती कमी येतील?” मी म्हणालो, बरेच कमी. ती म्हणाली, “मग त्याचं नाव कुठे येईल?” हा प्रश्न मला आधी समजला नाही. तिला म्हणावयाचे होते तिच्या नवऱ्याचे नाव.

त्या प्रश्नाने माझे काम सोपे झाले. विचार करा, त्या गाडीवर कोणी जगज्जेता एक दुपार बसला असे कागदोपत्री ठरले असते, तर तिचे नाव कायमचे त्या जगज्जेत्याची गाडी असेच पडले असते. ज्याने चार वर्षे दर रविवारी तिच्यावर जीव टाकला, कॅडवेलला कॉलर-बोन मोडून घेतले, सोमवारी पुन्हा लोकांचे नळ दुरुस्त करायला गेला आणि अकरावा आला म्हणून चपाती हातात घेऊन हसला, तो आपल्याच गाडीच्या इतिहासातून पुसला गेला असता. खोट्या सहीने पुढच्या गिऱ्हाइकाला फसविले असते हे तर आहेच. पण मेलेल्या मित्राचीही चोरी झाली असती. त्याच्याजवळ चोरण्यासारखे दुसरे काही नव्हते.

मी दलालाला नकार कळविला आणि स्वतःचे पत्र स्वतः लिहिले. चासी १९७४ची, क्रँककेस १९७६ साली बदललेली, स्वार एकच. सोबत वहीची सगळी पाने नातवाने यंत्रावर उतरवून घेतली आणि मी एकेका ओळीचे इंग्रजी भाषांतर सांगत गेलो. अकरा संध्याकाळी लागल्या. नातवाला मराठी वाचता येत नाही. पण सातव्या-आठव्या दिवसापासून तो “हा पाऊस ना? आणि हा पिस्टन?” असे विचारू लागला, आणि बरोबर विचारू लागला.

दलालाने अंग काढून घेतले. बाईंनी गाडी दुसरीकडे लिलावाला दिली. दलालाने आधी सांगितलेल्या मोठ्या आकड्याच्या सुमारे दोन-तृतीयांश रक्कम आली. छप्पर झाले. उरलेलेही मिळाले असते तर बरे झाले असते, असे ती मोकळेपणाने म्हणाली. ते ऐकून मला बरे वाटले नाही, आणि वाटायला नकोही होते. तिचे नुकसान खरे होते, ते तिने सोसले आणि मला दोष दिला नाही. खरेदी करणाऱ्या गृहस्थाने मागाहून मला पत्र पाठविले. क्रमांक जुळत नाहीत हे त्याला गाडी पाहताच कळले होते. ते का जुळत नाहीत हे वहीने सांगितले म्हणूनच त्याने बोली लावली, असे त्याने लिहिले. मूळ वहीही तो चांगल्या किमतीला मागत होता. ती मी दिली नाही. त्याच्याजवळ प्रत आहे, आणि वही आता नातवाच्या कपाटात आहे.

वाचकहो, आपल्या घरांतून शर्यतीच्या फटफटी नाहीत. पण ट्रंका आहेत, आणि ट्रंकांतून आजोबांचे पलटणीतले बिल्ले आहेत, जी.आय.पी. रेल्वेतल्या नोकरीचे दाखले आहेत, आईचे शिवणयंत्र आहे, सुरांच्या पट्ट्या पिवळ्या पडलेली बाजाची पेटी आहे, आणि ज्यांतली निम्मी माणसे कोण ते कोणालाच सांगता येत नाही असे लग्नाचे फोटो आहेत. त्यांना बाजारात काय येईल ते मला माहीत नाही आणि तो प्रश्नही नाही. उद्या कोणीतरी येईल आणि त्या वस्तूंना आपल्या सोयीची गोष्ट चिकटवील. कधी पैशासाठी, कधी मोठेपणासाठी. तेव्हा खरे काय ते सांगणारा माणूस जवळ नसेल.

म्हणून एक विनंती आहे. या आठवड्यात एक ट्रंक उघडा. फोटोंच्या पाठीमागे नावे लिहा, साल लिहा, गाव लिहा. वस्तू कोणाची, कोठून आली, तिचा कोणता भाग मागून बदलला, हेही लिहा. बदल लपवू नका. मराठीत लिहा, कारण ज्या गोष्टी मराठीत घडल्या त्या मराठीतच नेमक्या सांगता येतात. आणि मग नातवंडांपैकी जे कोणी घरात असेल त्याला बोलावून एकेक ओळ वाचून दाखवा. आठ दिवसांत त्याला निदान ‘पाऊस’ वाचता येईल, हा माझा अनुभव आहे.